पट्टा, बूट आणि उंबरठा

डब्लिनला आलेल्या पाहुण्यांना आपण हमखास टेंपल बार दाखवतो. त्याच भागात फ्लीट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १७४३ साली या रस्त्यावरच्या एका घरात एक रुग्णालय सुरू झालं. त्याचं नाव होतं 'हॉस्पिटल फॉर इन्क्युरेबल्स', म्हणजे बरे न होणाऱ्यांचं रुग्णालय. पैसा उभा केला होता गाण्याबजावण्याची आवड असलेल्या मंडळींच्या एका धर्मादाय संस्थेनं. त्या काळात डब्लिनमध्ये ही पद्धतच होती. आदल्याच वर्षी, १७४२ च्या एप्रिलमध्ये, हँडेलचा 'मसाया' याच शहरात पहिल्यांदा सादर झाला होता आणि त्याचं उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना सोडवायला गेलं होतं.

बरे न होणारे म्हणजे कोण? ज्यांना इतर रुग्णालयं दारातूनच परत पाठवत ते. अर्धांगवायूचा झटका येऊन एक बाजू गेलेली माणसं त्यातच धरली जात. त्यांच्यासाठी करण्यासारखं होतं ते एवढंच: खाट, जेवण आणि थंडीपासून आडोसा.

१७९२ मध्ये हे रुग्णालय शहराबाहेर डॉनीब्रुकला गेलं आणि आजही तिथेच आहे. आज त्याचं नाव 'रॉयल हॉस्पिटल डॉनीब्रुक' आहे आणि स्ट्रोकनंतर पुन्हा चालायला शिकण्यासाठी माणसं तिथे जातात. २००६ च्या ऑगस्टमध्ये कवी शेमस हीनी यांना डोनेगॉलमध्ये स्ट्रोक आला, तेव्हा त्यांनीही पुनर्वसनाचे काही आठवडे इथेच काढले. जागा तीच, पण पाटी बदलली.

ही पाटी कशी बदलली, याचा एक छोटासा धागा मला तुम्हाला सांगायचा आहे. तो धागा म्हणजे पायाला लावायचा पट्टा. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल: पांढऱ्या प्लास्टिकचा, इंग्रजी एल अक्षरासारखा, पोटरीमागून येऊन तळव्याखाली जाणारा. डॉक्टर त्याला 'अँकल-फूट ऑर्थोसिस' किंवा नुसतं 'ए.एफ.ओ.' म्हणतात. आमच्या घरी त्याला 'पट्टा' हेच नाव पडलं.

तीन वर्षांपूर्वी कराडला बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं वाचलं. महिन्याभरात ते धरून धरून चालायला लागले, पण उजवं पाऊल उचलत नव्हतं. बोटं फरशीला घासत जायची. त्यावर उपाय म्हणून ते सगळा पाय कमरेतून उचलून बाहेरून वळसा घालून पुढे टाकायचे. फिजिओथेरपिस्टनं पट्टा करून दिला. मग शेजारचे काका म्हणाले, "एकदा पट्टा लागला की पाय आळशी होतो, जन्मभर सुटत नाही." बाबांनी मला फोन केला. "अगं, तू एवढी शिकलीस त्यातलं. लावू की नको?"

मी त्यातलं शिकले होते खरं. माझी पीएच.डी. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर आहे आणि इथे आयर्लंडमध्ये मी पोस्टडॉक करते. पण पेशंटच्या पायाला पट्टा बांधण्याचा माझा अनुभव शून्य होता. तरीही मी आत्मविश्वासानं म्हणाले, "बाबा, शक्यतो नको. पाय स्वतःहून उचलायची सवय व्हायला हवी." पट्टा कपाटात गेला. तीन आठवड्यांनी बाबा न्हाणीघरातून बाहेर येताना पडले. मनगट मोडलं, तेही चांगल्या हाताचं.

मी नंतर जे वाचलं, ते आधी वाचायला हवं होतं. त्यातून कळलं की काकांचं मत आणि माझं मत एकाच जुन्या भांडणातून आलेलं होतं. ते भांडण समजायला आधी पोलिओकडे जावं लागतं.

१९५६ च्या उन्हाळ्यात कॉर्क शहरात पोलिओची साथ आली. इथे राहून जीएएचं वेड अंगात भिनलं असेल, तर तुम्हाला त्या साथीची तीव्रता एका गोष्टीवरून कळेल: त्या वर्षीचे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या दोन्हींचे ऑल-आयर्लंड अंतिम सामने पुढे ढकलावे लागले, कारण दोन्हींत कॉर्कचा संघ होता आणि हजारो कॉर्ककर डब्लिनला लोटणार होते. फुटबॉलचा सामना शेवटी ऑक्टोबरात झाला. त्या साथीत पोलिओ झालेल्या मुलांपैकी एक, सहा वर्षांचा पॅट्रिक कॉबर्न, पुढे नामांकित युद्धवार्ताहर झाला आणि २००५ साली त्यानं 'द ब्रोकन बॉय' हे पुस्तक त्यावर लिहिलं.

पोलिओच्या मुलांसाठी त्याआधीच, १९५१ साली, व्हॅलरी गोल्डिंग आणि कॅथलीन ओ'रुर्क या दोघींनी डब्लिनमध्ये 'सेंट्रल रिमेडियल क्लिनिक' सुरू केलं होतं. आपल्याकडे मुंबईतही चित्र फार वेगळं नव्हतं. हाजीअलीची 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' १९५५ सालची. चाळिशीपुढच्या वाचकांना वर्गातला एखादा तरी मुलगा आठवेल, ज्याच्या पायाला लोखंडी कॅलिपर होतं आणि जो बाकाशी आला की गुडघ्याची कडी खट्कन सोडून बसायचा.

त्या कॅलिपरची रचना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कुलूप, आणि सळ्यांची खालची टोकं बुटाच्या टाचेत केलेल्या भोकांत बसवलेली. म्हणजे बूट हा कॅलिपरचाच भाग. बूट नाही, तर कॅलिपर नाही.

पोलिओत कॅलिपर का लागत असे? पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मारतो. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीच्या काही महिन्यांत वाचलेल्या पेशींच्या जोरावर जेवढी ताकद परत येते तेवढी येते. पुढे जे राहिलं ते राहिलं, त्याला टेकू हवा. म्हणून कॅलिपर हे कायमचं असे. 'एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही' हे काकांचं वाक्य पोलिओच्या बाबतीत बव्हंशी खरंच होतं. दोष कॅलिपरचा नव्हता, आजाराचा होता. पण कॅलिपर डोळ्यांना दिसतं, मेलेली पेशी दिसत नाही.

१९५७ पासून आयर्लंडमध्ये पोलिओची लस मिळू लागली आणि साथी ओसरल्या. आपल्याकडे त्याला बराच वेळ लागला. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्याला सापडला. क्षयही औषधांनी आटोक्यात येत होता, म्हणून क्षयाच्या रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. डन लीअरी इथलं 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या जोगिणींचं 'अवर लेडी ऑफ लूर्ड्स' हे असंच क्षयाचं रुग्णालय. १९६१ साली ते पुनर्वसनाकडे वळलं. आजचं 'नॅशनल रिहॅबिलिटेशन हॉस्पिटल' ते हेच.

या नव्या प्रकारच्या रुग्णालयांत आता अपघातात पाठीचा कणा मोडलेले येऊ लागले, आणि स्ट्रोकचे रुग्णही. जगभर असंच घडत होतं. पट्टे बनवणारे कारागीर तेच, त्यांची हत्यारं तीच, समोरचा पाय मात्र वेगळा. स्ट्रोकमध्ये पायाचा स्नायू शाबूत असतो, पायाची नस शाबूत असते, मज्जारज्जूही शाबूत असतो. बिघाड वर मेंदूत असतो. आणि मेंदूचा न बिघडलेला भाग काही प्रमाणात ते काम नव्यानं शिकू शकतो. तेव्हा पोलिओच्या पायाला न पडलेला प्रश्न इथे उभा राहिला: जे शिकायचं आहे, तेच काम पट्ट्यानं आयतं करून दिलं, तर मेंदू शिकेल कशाला?

या प्रश्नावर दोन तट पडले. एका तटाचं नेतृत्व लंडनच्या बर्टा बोबाथ यांच्याकडे होतं. बर्लिन सोडून आलेल्या या बाईंचं प्रौढांच्या अर्धांगवायूवरचं पुस्तक १९७० साली आलं आणि ब्रिटन-आयर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. चुकीच्या ढबीनं चालण्याची सवय लागण्यापेक्षा आधी नैसर्गिक हालचाल परत आणा, असा या पंथाचा आग्रह होता. त्यात पट्ट्याकडे संशयानंच पाहिलं जाई. दुसरा तट व्यवहारी होता: माणूस उभा राहिला, चार पावलं चालला, घरी गेला, की जिंकलं. त्यांच्या हाती सत्तरच्या दशकात पॉलिप्रोपिलीन आलं. पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा चढवायचा, थंड झाला की कापायचा. घोट्यापाशी प्लास्टिक किती पुढपर्यंत ठेवायचं यावर पट्टा ताठ होणार की लवचीक, हे ठरतं. पोलादाची सळई गेली, वजन गेलं, आणि पट्टा बुटाच्या आत लपला.

तिसराही एक मार्ग होता. डन लीअरीचं रुग्णालय बदललं त्याच वर्षी, १९६१ मध्ये, अमेरिकेत व्लादिमीर लिबर्सन यांनी एक यंत्र जगापुढे आणलं. टाचेखाली एक स्विच, कमरेला विजेची डबी, आणि गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला जिथे नस हाडाजवळून वरवर जाते तिथे, त्वचेवर इलेक्ट्रोड. टाच उचलली की नसेला बारीक झटका, की पाऊल आपोआप वर. लिबर्सन यांना आणखी एक गंमत दिसली: काही जणांना यंत्र काढल्यावरही थोडा वेळ पाऊल स्वतःहून उचलता येत असे. 'पट्टा झोपवतो, वीज जागं करते' ही आशा तिथून सुरू झाली. माझ्यासारख्या इंजिनिअर मंडळींना ती फार आवडते. आयर्लंडमध्ये लिमरिक विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. लिबर्सनपासूनच्या अशा यंत्रांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला जो आढावा या विषयातले सगळे अजूनही चाळतात, त्याचे पहिले लेखक तिथलेच. फोनवर बाबांना 'नको' सांगताना माझ्या डोक्यात हीच आशा होती.

मग तपासणी काय सांगते? चार गोष्टी सांगते.

पहिली, कोपनहेगनची. तिथे १९९५ साली ८०४ स्ट्रोक रुग्णांचं चालणं आठवड्या-आठवड्याला मोजून प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ९५ जणांनी चालण्याची जी काही उत्तम पातळी गाठायची ती पहिल्या ११ आठवड्यांतच गाठली होती. म्हणजे जो वेळ हाताशी असतो तो थोडा आणि सुरुवातीचा असतो.

दुसरी, पट्ट्याची. २०१३ साली १३ चाचण्या आणि ३३४ रुग्ण एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा पट्टा लावल्याबरोबर चालणं आणि तोल सुधारतो, हे स्पष्ट दिसलं. पण त्या बहुतेक चाचण्या 'लावून' आणि 'न लावता' एवढाच फरक मोजणाऱ्या होत्या. चष्मा लावला की दिसतं, तसा हा फायदा. डोळा सुधारला का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

तिसरी, विजेची. २०१३ आणि २०१४ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत १९७ आणि दुसरीत ४९५ रुग्ण घेऊन, यंत्र आणि पट्टा यांची सहा-सात महिने तुलना झाली. चालण्याचा वेग दोन्हींकडे सारखाच वाढला. पहिल्या चाचणीत लोकांना यंत्र जास्त आवडलं, हे खरं. पण माझ्या आवडत्या विजेनं साध्या प्लास्टिकला हरवलं नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथे ३३ ताज्या स्ट्रोक रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला पहिल्या आठवड्यातच पट्टा, दुसऱ्याला नवव्या आठवड्यात. लवकर पट्टा मिळालेले सुरुवातीला तोलात आणि हिंडण्याफिरण्यात पुढे होते. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे झाले. याच अभ्यासात नडगीपुढच्या, पाऊल उचलणाऱ्या स्नायूचे विद्युत संकेतही मोजले, अगदी माझ्या पीएच.डी.तला विषय. पट्टा लावून चालताना तो स्नायू कमी काम करतो, पण सहा महिने पट्टा वापरल्यानं तो कायमचा ढिला पडला, असं दिसलं नाही. पाय आळशी होत नव्हता. चाचणी लहान आहे, तेव्हा तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ज्या भीतीपायी मी पट्टा कपाटात टाकायला लावला, तिला आधार सापडला नाही.

म्हणजे दोन्ही तट थोडे थोडे चुकले होते. पट्टा मेंदूला बरं करत नाही आणि बिघडवतही नाही. मेंदू आपल्या गतीनं जे सावरायचं ते सावरत असतो. पट्टा त्या थोड्याशा आठवड्यांत माणसाला उभं ठेवतो, आणि तेवढ्या वेळात तो जास्त पावलं टाकू शकतो. पोलिओनं आपल्याला पट्टा म्हणजे निकाल असं शिकवलं होतं. स्ट्रोकमध्ये तो धरायला दिलेला कठडा आहे. जिना चढून झाला की कठडा सोडता येतो. ज्यांना जिना पुरता चढता येत नाही, त्यांनी तो धरून ठेवला तर त्यात हरल्यासारखं काही नाही.

त्या डच चाचणीत एक आकडा आणखी आहे. पहिल्या आठ आठवड्यांत पट्टा मिळालेल्या गटातली माणसं जास्त वेळा पडली. हे वाचून मी दचकले. मग पुढची ओळ वाचली: निम्म्याहून अधिक पडणं पट्टा काढलेला असताना झालं होतं, उठताबसताना, उभं राहताना.

इथे मला बुटाच्या टाचेतली ती भोकं आठवली. पोलादी कॅलिपर बुटात खोचलेलं, प्लास्टिकचा पट्टा बुटात लपलेला. दोन्ही जिथे घडले तिथली माणसं सकाळी बूट घालतात ते रात्री काढतात. आपण उंबरठ्याबाहेर चपला काढतो. नुसता प्लास्टिकचा पट्टा घेऊन गुळगुळीत फरशीवर उतरणं म्हणजे घसरगुंडीच. म्हणून आपल्याकडे पट्टा घरात पाऊल टाकताच निघतो, आणि स्ट्रोकचा माणूस तर दिवसभर घरातच असतो! जयपूरला १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं 'जयपूर फूट' घडवला, तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं की आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं. तो कृत्रिम पाय झाला. लुळ्या पायाच्या पट्ट्याच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही.

बाबा न्हाणीघरातून बाहेर येताना पडले तेव्हा अनवाणी होते. मी 'लाव' म्हटलं असतं, तरी त्या क्षणी पट्टा त्यांच्या पायात नसताच. म्हणून माझी चूक धुऊन निघत नाही. ज्या आठवड्यांत त्यांनी जास्तीत जास्त चालायला हवं होतं, त्यातले तीन मी वाया घालवले, आणि पुढचे सहा प्लास्टरनं. पण योग्य प्रश्न 'लावू की नको' हा नव्हताच. 'घरात कसा लावू' हा होता.

उत्तर शेवटी आईनं काढलं. आधी तिनं ठाम नकार दिला, "देवघर आहे घरात, बूट चालायचे नाहीत." मग कराडच्या बाजारातून मागून पट्टा असलेले, रबरी तळाचे, नवे कोरे सँडल आणले, पट्टा आत बसेल म्हणून एक नंबर मोठे. फिजिओथेरपिस्टला दाखवून घेतले. धुऊन, पुसून ठेवले आणि जाहीर केलं की हे घरातले, हे उंबरठा ओलांडणार नाहीत. न्हाणीघराच्या दाराशी एक दांडी बसवून घेतली. बाबा आता घरात पट्ट्यानिशी हिंडतात, अंगणात काठी घेतात. पाऊल अजून पुरतं उचलत नाही. पण ते पुन्हा पडले नाहीत.

फोनवर 'लावू की नको' असं विचारणारं कुणी तुमच्याही घरी असेल, तर माझ्यासारखं घाईनं उत्तर देऊ नका. पायाला हात लावून बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ते ठरवू द्या. तुम्ही फक्त विचारा: घरात पायात काय असतं? फरशी कसली आहे? रात्री उठल्यावर काय?

आणि हे फक्त आपल्याकडेच सुचत नाही असंही समजू नका. २००८ साली आयर्लंडमध्ये स्ट्रोकच्या उपचारांची पहिली देशव्यापी तपासणी झाली, तेव्हा ३७ रुग्णालयांपैकी फक्त एकात स्ट्रोकसाठी वेगळा विभाग सापडला होता. डॉक्टर, नर्स, फिजिओ एकाच ठिकाणी एकत्र काम करतात तेव्हा जास्त माणसं जगतात आणि आपल्या पायावर घरी जातात, हे तोवर जगाला माहीत होऊन दहा वर्षं लोटली होती. तेव्हापासून इथे बरंच बदललं. सुधारणा एका वस्तूनं होत नाही, त्या वस्तूभोवतीच्या माणसांनी होते.

हीनींनी आजारपणानंतर 'मिरॅकल' नावाची कविता लिहिली. बायबलमधल्या लुळ्या माणसाला येशूनं चालतं केलं, ती गोष्ट. पण हीनींचं लक्ष बरं झालेल्या माणसाकडे नाही. त्याला खाटेसकट उचलून तिथवर आणणाऱ्या त्याच्या मित्रांकडे आहे. डोनेगॉलमध्ये त्यांनाही मित्रांनीच अरुंद जिन्यावरून खाली आणलं होतं. ती कविता वाचते तेव्हा मला बाजारात एक नंबर मोठे सँडल मागणारी आई दिसते.